टाकीचा लाल, पॅनेलचा लाल

मोटारसायकलची टाकी नव्यानं रंगवायची आणि पॅनेलं जुनीच ठेवायची, तर नुसतं ‘लाल’ म्हणून भागत नाही. रंगवाल्याला कंपनीचा कलर कोड द्या. मात्र गाडी उन्हानं विटली असेल, तर कोडाचा रंगही शेजारी परका दिसतो. मूळ छटा सापडते सीटखाली. कँडी लाल सर्वांत अवघड. खाली चंदेरी थर, वर पारदर्शक लाल, आणि हातागणिक तो गडद होत जातो. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर आधी एक, दोन, तीन हात मारून, क्लिअर कोट देऊन, वाळल्यावर दिवसाउजेडी पॅनेलला लावून पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग बाहेर वेगळे दिसू शकतात. मी तर म्हणेन, जमलं तर पॅनेलंही सोबतच रंगवा.