जुन्या रुळांवर नवें इंजिन



भोर आणि वेल्हें या गांवीं आगगाडी येत नाहीं. इंजिन पाहावयाचें तर मुलांना पुणें गांठावें लागतें. तेथें कोथरूडला भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून आहे. तें पाहून आलेल्या माझ्या नातवाला परवां एक ‘डिजिटल’ इंजिन भेट मिळालें. माझ्या जुन्या रुळांवर तें ठेवून मीं विजेचें बटण थोडें फिरविलें; इंजिन हललें नाहीं. “आजोबा, हें बिघडलेलें आहे,” असें म्हणून मुलगा रडवेला झाला.

बिघाड इंजिनांत नव्हता, आमच्या समजुतींत होता. जुन्या पद्धतींत रुळांतून एकदिश प्रवाह वाहतो. दाब वाढविला कीं वेग वाढतो, ध्रुव उलट केले कीं गाडी मागें फिरते. नव्या पद्धतींत रुळांवर सुमारें १५ व्होल्टांचा दाब कायम असतो व ध्रुव सेकंदाला हजारों वेळां पालटतात. त्या पालटांतच विशिष्ट क्रमांकाच्या इंजिनाला दिलेली आज्ञा गुंफलेली असते. इंजिनांतील ‘डिकोडर’ ती वाचून मोटर चालवितो.

जुन्या रुळांवर अशी आज्ञा नसते. तरीहि पुष्कळ डिकोडर साधा प्रवाह ओळखतात. मात्र त्यांच्या २९ व्या नोंदींत तशी मुभा ठेवलेली असावी लागते. शिवाय डिकोडर जागा होण्यासच पांचसहा व्होल्ट लागतात. म्हणून इंजिन उशिरां हलतें. उलटपक्षीं, डिकोडर नसलेलें इंजिन डिजिटल रुळांवर ठेवूं नये. मोटर गुणगुणते, तापते व जळण्याचा संभव असतो.

मोठ्या रेल्वेनेंहि हा प्रश्न सोडविला आहे. १९७५ पासून आलेलीं दुहेरी इंजिनें मुंबईहून विरारपर्यंत १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर व पुढें २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर धांवत. एकदिश प्रवाहावर त्यांची शक्ति कमी भरे. पण वाटेंत इंजिन बदलावें लागत नसे.

आम्हीं बटण आणखी पुढें नेलें. दिवा लागला, आणि इंजिन चालूं लागलें.

त्या वेळीं मला माझा वर्ग आठवला. वेल्ह्याकडील वाड्यांतून आलेलीं मुलें पहिल्या प्रश्नाला गप्प राहत, आणि मी त्यांना लगेच खालीं बसवीत असें. बटण आणखी थोडें फिरवून पाहावें, हें तेव्हां मला सुचलें नाहीं.