अधिकार आणि त्याचे कारण

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या मराठी शाळेचे विद्यार्थी आज अनेक राज्यांत पसरले आहेत. त्यांतील काही गणवेशात असतील. इतरांचा पोलीस ठाण्याशी संबंध तक्रारदार किंवा साक्षीदार म्हणून येतो. पोलिसांच्या विवेकाधिकाराचा विषय म्हणूनच टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांचा आहे.

पोलीस ठाण्यात दोन मोठे निर्णय होतात. तक्रार नोंदवून घ्यायची की नाही, हा पहिला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला अटक करायची की नाही, हा दुसरा. पहिल्या निर्णयात कायद्याने पोलिसांना फारच थोडी मोकळीक ठेवली आहे. दुसऱ्यात मोकळीक बरीच आहे आणि तिच्याबरोबर कारण देण्याची जबाबदारीही आहे. व्यवहारात मात्र पुष्कळदा उलटे घडते. दुबळ्याच्या तक्रारीला ‘उद्या या, साहेब आल्यावर बघू’ असे उत्तर मिळते आणि गुन्हा एकदा नोंदला गेला की अटक गृहीत धरली जाते. जिथे विवेकाला वाव नाही तिथे तो वापरायचा आणि जिथे तो हवा तिथे टाळायचा, ही उलटापालट पोलिसी नीतिमत्तेचा गाभा पोखरते.

पहिल्या निर्णयाबाबत ‘ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार’ हा खटला मार्गदर्शक आहे. २००८ साली एका मुलीच्या पित्याने पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तिच्यावर कारवाई झाली नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याचे दार ठोठावल्यावर गुन्हा नोंदला गेला. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती नोंदवणे बंधनकारक आहे. प्राथमिक चौकशीची मुभा केवळ काही विशिष्ट प्रकारांत. त्याच निकालात हेही स्पष्ट केले गेले की, नोंद सक्तीची असली तरी त्यामागोमाग अटक सक्तीची नाही.

दुसऱ्या निर्णयाचा धडा त्याआधी, १९९४ साली मिळाला होता. ७ जानेवारीला गाझियाबादच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका वकिलाला चौकशीसाठी बोलावले. तो घरी परतला नाही आणि त्याला कुठे ठेवले आहे, हेही नातेवाइकांना कळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर पोलिसांनी सांगितले की, तो अटकेत नव्हताच, तपासाला मदत करीत होता. ‘जोगिंदर कुमार विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात न्यायालयाने एक मूलभूत भेद केला. अटक करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्यास पुरेसे कारण असणे वेगळे. राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालाचा दाखलाही त्यात आहे. सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असल्याचे आणि तुरुंगांच्या खर्चापैकी ४३.२ टक्के खर्च अशा अटकांपायी होत असल्याचे आयोगाला आढळले होते.

हे आकडे केवळ पैशाचे नाहीत. खटला वर्षानुवर्षे चालतो, शेवटी माणूस निर्दोषही सुटतो. पण शेजाऱ्यांच्या देखत त्याला जीपमध्ये बसवले गेले तो क्षण कोणताही निकाल पुसू शकत नाही. नोकरी जाते, मुलांना शाळेत ऐकून घ्यावे लागते, ठरलेली लग्ने मोडतात. शिक्षा न्यायालयाने द्यायची असते. विनाकारण अटकेत ती ठाण्यातच दिली जाते.

पुढे २०१४ साली ‘अर्नेश कुमार’ निकालाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिक अटकेला आळा घातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही हीच शिस्त आहे. अशा गुन्ह्यांत अटक का केली, हे अधिकाऱ्याने लिहून ठेवायचे. केली नाही, तर का केली नाही, हेही लिहायचे. अटक नको असेल तेव्हा हजर राहण्याची नोटीस द्यायची. कारण लिहिताना हात थांबतो, विचार करावा लागतो. कागदावर जे उतरवता येत नाही, ते बहुधा करण्याजोगे नसते.

मराठी माणसाला कारणाविना चालणाऱ्या सत्तेचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १७९१ साली पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत बाहेरून आलेल्या ब्राह्मणांना कोंडण्यात आले आणि त्यांतील कित्येक गुदमरून मेले. खवळलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाने कोंडण्यापूर्वी चौकशीची पर्वा केली नाही. जमावानेही मारण्यापूर्वी केली नाही. सत्तेने न्यायाची रीत सोडली की प्रजाही ती सोडते.

मात्र सगळा दोष ठाणेदाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. बाहेर मोर्चा, फोनवर पुढारी आणि मनात बदलीची धास्ती, अशा स्थितीत त्याला विवेक राखायचा असतो. उत्तर प्रदेश व आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंग यांनी १९९६ साली याच प्रश्नासाठी न्यायालयात धाव घेतली. २००६ च्या निकालाने ठाणेदारासह महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तक्रार प्राधिकरणे आणि तपासाचे कायदा-सुव्यवस्थेपासून विभाजन असे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी अनेक राज्यांत अजून अपुरी आहे.

तो दबाव निर्माण करणाऱ्यांत सुशिक्षित समाजही असतो, हे येथे बोललेच पाहिजे. जमिनीच्या वादात ‘त्याला दोन दिवस आत टाका’ अशी गळ घालणारा, मुलाची मोटारसायकल अडवली म्हणून ओळखीच्या साहेबांना फोन लावणारा, वाहिनीवर संशयिताचा चेहरा पाहताच त्याला गुन्हेगार ठरवणारा नागरिक पोलिसांकडून विवेकाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? आपल्या मुलाला मिळावी असे वाटते ती नोटीस परक्याच्या मुलालाही मिळावी, एवढे मान्य करणे ही या विषयातील पालकांची परीक्षा आहे.

आणि गणवेश घालणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शाळेचीच एक जुनी सवय पुरेशी आहे. गणिताच्या वहीत नुसते उत्तर लिहून गुण मिळत नसत. रीत दाखवावी लागे. अधिकाराच्या वहीतही रीत दाखवावी लागते.