सायकल अपघातानंतर पुन्हा उभे राहताना

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला बोलण्यास सांगितले तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आम्ही डॉक्टर नाही, वक्तेही नाही. डोंबिवली, कल्याण आणि ठाणे येथे नोकरीधंदा करणारे, रविवारी पहाटे सायकली काढणारे आम्ही चार जण. परंतु एकदा आम्ही रस्त्यावर पडलो, आणि पडण्यापेक्षा त्यानंतरच्या महिन्यांनी आम्हाला अधिक शिकवले. ते आपल्यासमोर ठेवावे, एवढाच हेतू आहे.

सन २०२३ च्या सप्टेंबरातील एक रविवार. शहाडचा पूल ओलांडून आम्ही मुरबाड रस्त्याला लागलो होतो. रात्रभर पाऊस झाला होता. म्हारळ, वरप मागे पडले. कांब्याच्या पुढे पाण्याने भरलेला एक खड्डा आला. वरून तो डबक्यासारखा दिसत होता, खोली कळण्यास मार्ग नव्हता. पहिल्याचे पुढचे चाक आत गेले, मागचे दोघे त्याच्यावर आदळले. चौथा थोडा अंतर राखून होता, म्हणून वाचला. मागून वाहन आले नाही हे आमचे सुदैव. सन २०१८ च्या पावसाळ्यात कल्याण शहरात खड्ड्यांपायी दुचाकीवरील माणसांचे बळी गेले होते, हे येथे बसलेल्या कित्येकांना आठवत असेल.

पडलेले तिघे असे होते. एक शाळामास्तर, त्यांचे हासळीचे हाड, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारे आडवे हाड, मोडले. दुसरे रेल्वेतील कर्मचारी. त्यांच्या शिरस्त्राणाला तडा गेला आणि गुडघा-कोपर सोलवटून निघाले. तिसरा आमच्यापैकी एकाचा पुतण्या, कॉलेजचा विद्यार्थी. तो हात टेकून पडला. उठून त्याने कपडे झटकले आणि "मला काही झालेले नाही, काका, तुम्ही त्यांच्याकडे बघा" असे म्हणाला. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे.

मास्तरांचे दुखणे सर्वांना दिसणारे होते. हासळीच्या हाडाला हातापायासारखे प्लास्टर घालता येत नाही. बहुतेकांना हात झोळीत ठेवून विश्रांती घ्यावी लागते आणि मोठ्या माणसाचे हाड सांधण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. हाडाची टोके फार सरकली असतील तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. हाड सांधते कसे, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, त्यात मऊ कूर्चेचा सांधा धरतो, नंतर तो कठीण होतो, आणि पुढे कित्येक महिने शरीर त्या हाडाला घडवीत राहते. या क्रमात घाई चालत नाही. परंतु झोळीत हात असला तरी बोटे, मनगट आणि कोपर हलवीत राहावे लागते, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवावा लागतो. तसे न केल्यास हाड सांधते पण खांदा आखडतो. मास्तरांनी पहिले तीन आठवडे भीतीपोटी कोपरसुद्धा हलवले नाही, आणि तो सैल करण्यास त्यांना पुढे दुप्पट दिवस घालवावे लागले.

घरातील वडीलधाऱ्यांनी हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह धरला होता. त्यांची माया आम्ही समजू शकतो. तथापि घट्ट आवळलेल्या पट्टीने रक्तप्रवाह थांबून हात गमवावा लागल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. बोटे निळसर पडली, बधिर झाली वा ठणका वाढत गेला, तर पट्टी कोणीही बांधलेली असो, ताबडतोब रुग्णालय गाठावे. तसेच ताज्या दुखापतीवर, विशेषतः कोपरावर, जोराने मालीश करू नये. त्याने स्नायूत हाडासारखा कठीणपणा धरू शकतो. आणखी एक गोष्ट म्हणजे तंबाखू आणि विडी-सिगारेट यांमुळे हाड सांधण्यास उशीर लागतो. मास्तरांची मिश्री त्या निमित्ताने सुटली. आहारात डाळ, अंडी, सुकट, नाचणीची भाकरी एवढे नियमित असले तरी पुष्कळ आहे.

रेल्वेतील आमच्या मित्राचे दुखणे वेगळे होते. सोलवटलेल्या जखमा वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन त्यातील खडी-माती काढली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. हळद, चुना वा कॉफीची पूड लावू दिली नाही. डोक्याला मार लागला असल्याने पहिले दोन दिवस घरच्यांनी त्यांना एकटे ठेवले नाही. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, अडखळते बोलणे, झटके, यांपैकी काही दिसले तर अर्ध्या रात्रीही रुग्णालयात न्यायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. सुदैवाने तसे काही झाले नाही. एकदा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये, हेही तेव्हाच कळले.

पंधरा दिवसांत त्यांच्या जखमा भरल्या, पण ते सायकलला हात लावीनात. साधे डबके दिसले तरी छातीत धडधडे. रात्री झोपेत हात आवळत. "लागलेले तर काहीच नाही, मग मी असा का?" असे ते विचारीत, आणि आम्ही सुरुवातीला त्यांची थट्टा केली. ही आमची चूक होती. भीती हीसुद्धा अपघाताचीच जखम आहे. पुढे त्यांनी आधी इमारतीच्या आवारात सायकल चालवली, मग गल्लीत, मग रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर, असे करीत चार महिन्यांनी ते आमच्याबरोबर निघाले. ज्यांना एवढ्यानेही उतार पडत नाही त्यांनी मनाच्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यात लाज बाळगू नये.

आता तिसऱ्याबद्दल. येथे आम्हाला आमचा दोष कबूल करावयाचा आहे.

पुतण्याच्या मनगटाचा फोटो त्याच दिवशी काढला होता, त्यात काही दिसले नाही. दुखत राहिले तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा, असे सांगण्यात आले होते. दुखत राहिले. तो म्हणाला, "काका, अंगठ्याच्या मुळाशी खळगी पडते ना, तिथे दाबले की कळ येते." आम्ही म्हणालो, "अरे, फोटोत काही नाही. मास्तरांचे बघ, हाड मोडलेले आहे. तू तरुण आहेस, उगाच बाऊ करू नकोस." त्यानेही आमचा मान राखला आणि पुन्हा कधी बोलला नाही.

मनगटात स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे लहान हाड असते. हात टेकून पडल्यावर ते मोडू शकते, आणि ती चीर पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही; दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढल्यास दिसते. त्या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील बाजूने होतो, म्हणून दुर्लक्ष झाल्यास मागचा तुकडा उपाशी राहतो आणि सांधा धरत नाही. वेळेवर कळते तर प्लास्टरवर निभावण्याची चांगली शक्यता होती. तीन महिन्यांनी, मूठ आवळता येईना तेव्हा, आम्ही त्याला नेले. दुसऱ्या जागचे हाड काढून तेथे बसवावे लागले आणि स्क्रू घालावा लागला. तो पोलीस भरतीची तयारी करीत होता. ती शारीरिक चाचणी त्याला देता आली नाही. आज त्याचे मनगट पूर्ण वाकत नाही. हे त्याच्या परवानगीने सांगत आहोत. तो या सभागृहातच बसला आहे.

मित्रहो, ज्याचे दुखणे दिसत होते त्याची आम्ही सेवा केली, आणि जो गप्प राहिला त्याला विसरलो. बरे होणे हे केवळ औषधांवर नसते. विचारणारे कोणी आहे की नाही, यावरही असते.

अपघात म्हटला की आपल्याकडे नशिबाला बोल लावण्याची सवय आहे. येथे परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका प्रसंगाचे स्मरण होते. ऑक्टोबर १९२९. सरकारने नेमलेल्या समितीच्या कामानिमित्त बाबासाहेब धुळे भागात गेले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. स्थानकावरून वस्तीत नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना, कारण अस्पृश्याला टांग्यातून नेणे त्यांना कमीपणाचे वाटे. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतील एक जण, ज्याला सवय नव्हती, तो हाकावयास बसला. पुलाजवळ दगडांत चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा व टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला आणि कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते. पुढे खरे कारण समजले तेव्हा त्यांनी ते लिहून ठेवले. त्यांनी नशिबाचे नाव घेतले नाही, ज्या रूढीने अननुभवी माणसाच्या हाती लगाम दिला तिचे नाव घेतले. आणि पाचच महिन्यांच्या आत, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.

म्हणजे अपघातालाही कारणे असतात आणि बरे होण्यालाही. ती ओळखून दूर करावयाची वा जुळवून आणावयाची असतात. आमच्या अपघाताचे कारण खड्डा होते, आणि आम्ही एकमेकांच्या चाकाला चाक लावून चाललो होतो हेही होते.

या संदर्भात काही माहिती सर्वांना असावी. जखमीला मदत करणाऱ्यास पोलीस वा रुग्णालयाने त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले; तेव्हा मदतीस भिऊ नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजना २०२५ मध्ये लागू झाली. मात्र नुसते खड्ड्यात पडल्यास ती कामी येत नाही. खड्ड्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला आहे. त्यानुसार मृताच्या वारसांना सहा लाख आणि जखमीला दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावयाची आहे. म्हणून जागेचे छायाचित्र, रुग्णालयाचे कागद व बिले जपून ठेवावीत.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, वर्षातून एकदा प्रथमोपचाराचा वर्ग घ्यावा. दुसरी, झोळ्या, कुबड्या, वॉकर यांचा एक साठा संस्थेत असावा. गरजूने न्यावे आणि बरे झाल्यावर परत आणावे. मास्तरांना डोंबिवलीच्या गर्दीतून लोकलने ठाण्याला जाणे अशक्य झाले तेव्हा बिनपगारी रजेच्या दिवसांत हा लहानसा खर्चही जड वाटला होता. तिसरी सूचना सर्वांत सोपी आहे. एक वही ठेवावी. वस्तीत कोणी पडले-झडले की त्याचे नाव त्यात लिहावे आणि बाराव्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन विचारावे, "अजून दुखते का?" दुखत असेल तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जावे.

या वहीतील पहिली नोंद ठेवण्याचे काम आमच्या पुतण्याने आपणहून मागितले आहे. ते त्याला द्यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.