खुर्ची सोडून गणवेशाकडे

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखरूप गोषवारा)



गेल्या महिन्यात आपल्या संस्थेच्या वाचनालयात एक तरुण आम्हाला भेटावयास आला. वय २३ वर्षे, पदवीधर, सरकारी कार्यालयात कायम नोकरी. घरात पहिलाच कायम नोकरीचा माणूस. तो म्हणाला, "काका, नोकरी सोडून लष्करात अधिकारी व्हावं असं मनात आहे. पण घरी बोललो तर आई जेवणार नाही, आणि वडील म्हणतील, पोराचं डोकं फिरलं." त्यास आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्याला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे. त्याच्यासारखे आणखी चार-सहा जण या सभागृहात बसले असतील याची आम्हाला खात्री आहे.

बंधूंनो, फौज आपल्याला नवी नाही. १ जानेवारी १८१८ रोजीच्या भीमा कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि महू येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीतच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. ज्या काळात गावातील शाळेच्या पायरीवर आपल्या मुलांना उभे करीत नसत, त्या काळात लष्कराने आपल्या माणसांच्या हाती पाटी दिली.

आणि याच लष्कराचे दार १८९२ च्या सुमारास आपल्यासाठी बंद झाले. इंग्रजांनी काही जातींना लढाऊ ठरविले, आपल्याला त्या यादीतून वगळले. हे दार पुन्हा उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा तीच मागणी सरकारपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ साली मोडून टाकली. पुढे १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. एका अर्जापासून एका रेजिमेंटपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे लागली. जे दार उघडावयास आपल्या पूर्वजांनी पन्नास वर्षे धडका दिल्या, त्या दाराकडे आपण फक्त भरतीच्या रांगेतूनच पाहावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

कारण यात एक फरक आहे, तो नीट ध्यानी घ्या. रामजीबाबा सुभेदार होते, म्हणजे त्या काळी हिंदी माणसाला जो मान मिळू शके त्याच्या वरच्या पायऱ्यांवर होते. तरी कालच आलेल्या पोरसवदा गोऱ्या लेफ्टनंटास त्यांना सलाम करावा लागे. हिंदी तरुणांना अधिकारी होण्यासाठी सँडहर्स्टची वाट १९१८ नंतर किंचित उघडली आणि डेहराडूनची अकादमी १९३२ साली सुरू झाली. जवान होण्यात काहीही कमीपणा नाही. आमच्या घरातच दोन माणसे जवान होती आणि त्यांच्या पगारावर आमचे शिक्षण झाले. परंतु हुकूम पाळणारे हात आपल्या घरांतून पुष्कळ गेले, हुकूम देण्याची जबाबदारी घेणारे डोके फार थोडे गेले. महार रेजिमेंटमधून जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख देशाला मिळाले. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी १९८७ साली श्रीलंकेत प्राण दिले व त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे सारे देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले अधिकारी होते. त्यांच्या पंक्तीत आपल्या वस्तीतील मुलगा-मुलगी का नसावी?

आता व्यवहाराकडे वळू. नोकरीत असलेल्या तरुणाने पहिली गोष्ट पाहावयाची ती वय. बारावीनंतरची खडकवासल्याची वाट साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांपर्यंतच असते, ती त्याच्यासाठी संपली. पदवीधरांसाठी लोकसेवा आयोगाची सी.डी.एस. परीक्षा वर्षातून दोनदा होते. डेहराडूनसाठी साधारण २४ आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी साधारण २५ वर्षांपर्यंत वय चालते. अभियांत्रिकी पदवीधरांना व कायद्याच्या पदवीधरांना वेगळ्या प्रवेशाने सुमारे २७ पर्यंत संधी असते. एन.सी.सी.चे सी प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीचा मार्ग आहे. नेमकी जन्मतारीख प्रत्येक जाहिरातीत दिलेली असते, ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, मित्राच्या सांगण्यावर राहू नका.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अधिकारी भरतीत आपल्यासाठी राखीव जागा नाहीत आणि वयाची सवलतही नाही. परीक्षा शुल्क तेवढे माफ असते. इतर नोकऱ्यांच्या हिशेबाने "आपल्याला पाच वर्षे जास्त आहेत" असे समजून बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना जाग आली तेव्हा गाडी सुटून गेली होती.

गणिताची भीती वाटते त्यांनी ध्यानात ठेवावे की चेन्नईसाठीच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर नसतो, इंग्रजी व सामान्यज्ञान असते. म्हणजे कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी मागे राहण्याचे कारण नाही. मुलींनाही आता दारे उघडली आहेत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा हक्क मान्य केला, आणि २०२५ साली खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

लेखीनंतर सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची कसोटी असते. पहिल्याच दिवशी चाळणी होते आणि बरेच जण त्याच संध्याकाळी परततात. जे उरतात त्यांना चित्रे दाखवून गोष्टी लिहावयास सांगतात, १५ सेकंदांना एक याप्रमाणे ६० शब्द दाखवून वाक्ये लिहून घेतात. मैदानावर फळी, दोर आणि बल्ली देऊन गटाने अडथळे पार करावयाचे असतात. मग मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी सर्व परीक्षकांसमोर उभे राहणे. हाक मारतात ती छातीवरच्या क्रमांकाने.

यावर आम्ही पुस्तकातून वाचून बोलत नाही. १९९९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कारकुनाची नोकरी करीत असताना आम्ही सी.डी.एस. लेखी उत्तीर्ण झालो आणि भोपाळला गेलो. चाळणीतून पार पडलो. पाचव्या दिवशी नावे वाचली त्यात आमचा क्रमांक नव्हता. कारण आम्हाला त्याच क्षणी ठाऊक होते. मैदानावर फळी कोठे टाकावी हे आम्हाला इतरांच्या आधी दिसले होते. परंतु आम्ही बोललो नाही. कोणीतरी विचारील, मग सांगू, असे म्हणत उभे राहिलो. शेवटी दुसऱ्या एका मुलाने तीच युक्ती सांगितली आणि गट पार झाला. बंधूंनो, विचारल्याशिवाय बोलू नये ही सवय आमची एकट्याची नव्हती, ती पिढ्यान्‌पिढ्यांची होती. ती आमच्या अंगात इतकी मुरली होती की आम्ही तिला नम्रता समजत होतो.

त्याहून मोठी चूक आम्ही घरी आल्यावर केली. लोक काय म्हणतील म्हणून महिनाभर वस्तीत तोंड लपविले. आणखी एक संधी वयात बसत होती, ती जाऊ दिली. त्या पाचजणांपैकी, जे आमच्याबरोबर त्या रात्री स्टेशनवर बाकावर झोपले होते, एक जण तिसऱ्या खेपेला निवडला गेला. आम्ही मात्र एका नकाराला कायमचा निकाल समजलो. म्हणून सांगतो, मंडळाने परत पाठविले म्हणजे तुम्ही नालायक ठरलात असे नव्हे.

तयारीसाठी महागडे क्लास लावावेच लागतात असेही नाही. महाराष्ट्रातील युवकांसाठी नाशिकरोड येथे शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. दहावीनंतर एन.डी.ए.ची तयारी करू इच्छिणाऱ्या मुलांसाठी १९७७ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. आणि खरी तयारी तर आपल्या विहारातच होऊ शकते. रविवारच्या वंदनेनंतर प्रत्येक मुलाने व मुलीने उभे राहून पाच मिनिटे एका विषयावर बोलावे. खर्च एक पैशाचा नाही.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. हाती असलेली कायम नोकरी सोडावी काय? आमचे उत्तर असे की, आधी सोडू नये. परीक्षा आणि मंडळाची कसोटी नोकरीत राहूनच देता येते. सरकारी नोकराने आपल्या कार्यालयप्रमुखास लेखी कळविले पाहिजे, ते चुकवू नका. निवड, वैद्यकीय तपासणी व प्रशिक्षणाचे बोलावणे हाती आल्यावरच राजीनाम्याचा विचार करावा. चेन्नईहून मिळणारे कमिशन अल्प मुदतीचे, दहा वर्षांचे असते, ते आणखी चार वर्षे वाढू शकते. कायम कमिशन न मिळाल्यास पस्तिशीत किंवा चाळिशीच्या आत पुन्हा नवी नोकरी शोधावी लागते आणि निवृत्तिवेतन नसते. प्रशिक्षण स्वतःहून अर्धवट सोडल्यास खर्च भरून द्यावा लागतो. दुसऱ्या बाजूला, सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर लष्करी सेवा वेतन १५,५०० रुपये. ज्या घरात आजारी वडील किंवा लहान भावंडे एकाच पगारावर आहेत, त्या घराने दोन्ही बाजू कागदावर मांडून, एकत्र बसून निर्णय घ्यावा. आईपासून लपवून फॉर्म भरू नये. तिची भीती खोटी नाही. तिला समजावून सांगणे हे अधिकारी होऊ पाहणाऱ्याचे पहिले काम आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. आपण पंचशील घेतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा करतो. मग बौद्धाने शस्त्र हाती घ्यावे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणारा आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. तथागतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला. रणात मेल्याने स्वर्ग मिळतो काय, असे एका योद्ध्याने विचारले तेव्हा त्यांनी त्याला खूश करणारे उत्तर दिले नाही. जिवे मारण्याच्या इच्छेने भरलेल्या चित्ताची गती वाईटच होते, असे स्पष्ट सांगितले. दुसरीकडे, वैशालीचा सिंह सेनापती उपासक झाला, त्याला सेनापतिपद सोडण्यास सांगितल्याचे त्या कथेत नाही. राजाच्या सेवेतील सैनिकांना भिक्षू करून घेऊ नये असा नियमही विनयात आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्याच ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध ठरविले तेव्हा एकटा सिद्धार्थ संघापुढे उभा राहून विरोध करतो, आणि त्याची किंमत म्हणून गृहत्याग पत्करतो.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. ज्याच्या मनात द्वेष आहे, ज्याला शस्त्राची धुंदी हवी आहे, त्याने हा मार्ग धरू नये, असे आमचे मत आहे. ज्याला दुर्बळाचे रक्षण करावयाचे आहे, ज्याच्या हुकुमावर तीस-चाळीस जवानांचे प्राण अवलंबून राहतील आणि जो त्या प्रत्येक प्राणाचा हिशेब मनात ठेवील, अशा शीलवान अधिकाऱ्याची देशाला गरज आहे. शील पाळणे कार्यालयातही अवघड असते, रणांगणावर फारच अवघड. ज्याला ते पेलणार नाही असे वाटते, त्याने मागे सरण्यात भित्रेपणा नाही. हा निर्णय ज्याचा त्याने आपल्या चित्ताला विचारून घ्यावयाचा आहे. अत्त दीप भव म्हणतात ते यालाच.

त्या तरुणास आम्ही आज एवढेच सांगतो. बाळा, तुझ्या हाती अजून वेळ आहे, पण फार नाही. या रविवारी आईला घेऊन विहारात ये. आपण तिघे बसू, जाहिरात वाचू, हिशेब मांडू. तिने होकार दिला तर फॉर्म तेथेच भरू. आणि मैदानावर फळी कोठे टाकावी हे तुला दिसले, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नकोस. मोठ्याने सांग.

एवढे बोलून आमचे भाषण संपवितो.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय भारत!