टाकळा आणि कासविंदा : भेद ओळखावा कसा?



पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणाऱ्या टाकळ्याची कोवळी भाजी आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते. मात्र त्याच पडीक जागेत, तशाच पाच पाकळ्यांच्या पिवळ्या फुलांचा कासविंदाही वाढतो. फुलांवरून या दोहोंतील भेद सहसा कळत नाही. शिवाय भाजी खुडतेवेळी फुले आलेलीच नसतात. म्हणून पान पाहावे.

टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असून त्यांची टोके गोलसर असतात. शेंग लांब व बारीक असते. कासविंद्यात बहुधा चार-पाच जोड्या असतात व टोके निमुळती असतात. शेंग चपटी व फिकट कडांची असते.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले एका गूढ आजाराने दगावत होती. यकृत, स्नायू व मेंदू यांवर आघात करणाऱ्या या आजाराचे संभाव्य कारण कासविंद्याच्या बियांची विषबाधा हे असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

शिक्षकांनी दोन्ही रोपे शेजारी ठेवून मुलांना दाखवावीत. पंचायतींनी शाळा व अंगणवाडीभोवतीचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच उपटून टाकावा. या कामासाठी वेगळ्या तरतुदीची आवश्यकता नाही.