शिकल्याशिवाय बाजारात उतरू नका



विहाराच्या वर्धापनदिनी शेअर बाजारावर कशाला बोलायचं, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या खांदा कॉलनीत हा विषय आता घरात शिरला आहे. खांदेश्वर स्टेशनवर रोज लोकल धरणारा, तळोज्याच्या कारखान्यात पाळी करणारा तरुण म्हणतो, "नोकरीत काय ठेवलंय? आता पूर्णवेळ ट्रेडिंगच करणार!" त्याला आम्ही वेड्यात काढत नाही. मोबाईलवर सौदा करताना समोरचा जात विचारत नाही, ही आपल्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांचेच पाहा. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. पाठीशी कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्राचे शिक्षण होते. तरीही सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली, व्यवसाय बंद पडला. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्या असूनही त्यांच्यापुढे दार लावले गेले. आज दार उघडे आहे आणि आपण विद्या न घेताच आत शिरतोय.

परिणाम काय? बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये पाहणी जाहीर केली. एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये! लाखाच्या वर नफा झाला तो शंभरात एकाला.

असं का होतं? ऑप्शन हा ठराविक तारखेपर्यंतचा हक्क. तो घेणारा प्रीमियम भरतो. भाव पडला नाही, नुसता जागच्या जागी राहिला, तरी तारीख जवळ येईल तसा प्रीमियम वितळत जातो. शेवटी हातात शून्य. शेअर घेतला तर निदान कंपनीतला वाटा तरी उरतो. शिवाय समोर बसलेल्या बड्या संस्थांचे सौदे संगणक आपोआप करतो. चार व्हिडिओ पाहून त्यांच्याशी टक्कर कशी देणार?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. लागलेली नोकरी सोडू नका. प्रॉव्हिडंट फंड, मुलांच्या फीचा पैसा, कर्जाऊ रक्कम बाजारात लावू नका. "खात्रीचा नफा" सांगणारा फसवतोच, हे धरून चाला. घरच्यांपासून लपवून सौदा करू नका. याच क्षेत्रात पोट भरायचे असेल तर सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएमच्या परीक्षा द्या. तिचा परिसर आपल्याच रायगड जिल्ह्यात, मोहोपाड्याला आहे. दलालांच्या कचेऱ्यांत, म्युच्युअल फंडाच्या वितरणात काम करायला त्या परीक्षा लागतात. पगार घेत बाजार शिकता येतो.

आणि ज्याचे पैसे आधीच बुडाले असतील त्याने तोंड लपवू नये. तोटा भरून काढायला आणखी कर्ज काढण्यापेक्षा आधी घरी सांगा, इथे येऊन बोला. आपण त्याला नावे ठेवणार नाही, सोबत बसून हिशेब मांडू. पैसा पुन्हा मिळवता येतो. घरातला कर्ता माणूस पुन्हा मिळत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!