कर्जाचा हप्ता आणि घरातील जमाखर्चाची वही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने चलनवाढीवर किंवा बँकांच्या धोरणावर बोलावे, अशी आपल्यापैकी अनेकांची अपेक्षा असणार. विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली तेव्हा मी कळविले की, कर्जात असलेल्या नवराबायकोने घरखर्च कोठे व कसा आवरावा, यावर मला बोलावयाचे आहे. संयोजकांनी सौजन्याने होकार दिला, पण त्यांची थोडी निराशा झाली असावी. त्यांचा आक्षेप मी ओळखू शकतो, कारण तरुणपणी तो माझाही होता. ज्याच्या घरात मुळात पुरेसे येतच नाही त्याला काटकसर शिकविणे ही त्याची थट्टा होय. वेतन वाढवून घेण्याचा लढा सोडून डाळ-तेलाचा हिशेब कसला मांडता, असा तो आक्षेप आहे.

आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याच लढ्याच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या महिन्यांत त्यांची चूल कशावर पेटली? गावाकडून आलेल्या धान्यावर, मोडलेल्या दागिन्यांवर, वाण्याच्या उधारीवर आणि कर्जावर. ज्या घरात आधीपासूनच हप्ते चालू होते ते घर आधी वाकले. आजच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार सभेला येतो, घोषणा देतो, पण काम बंद ठेवण्याची वेळ आली की महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता आठवून मागे सरतो. त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी त्याची वही पाहावी. तेव्हा हा विषय आपल्या कामाच्या बाहेरचा आहे, असे मला वाटत नाही.

गेल्या वर्षी एक जोडपे माझ्याकडे आले. ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीचे. तो कारखान्यात कंत्राटी कामगार, ती कपडे शिवण्याच्या एका लहान कारखान्यात. दोन मुले. मी त्यांना खर्च लिहून आणावयास सांगितले होते. तो तिने लिहिला होता. मिळकत ३२,००० रुपये : त्याचे २२,०००, तिचे १०,०००. खर्चात खोलीचे भाडे ६,०००, किराणा, भाजी, दूध व गॅस मिळून ९,५००, मुलांचे शिक्षण ३,५००, पेट्रोल २,५००, वीज व मोबाइल १,६००, औषधे ५००, पतसंस्थेतील आवर्त ठेव ५००. त्यानंतर कर्जे : पतसंस्थेचा हप्ता ४,०००, महिलांच्या गटामार्फत घेतलेल्या कर्जाचा २,४००, आणि एका ओळखीच्या गृहस्थाकडून घेतलेल्या ६०,००० रुपयांवरचे व्याज १,८००. बेरीज ३२,३०० रुपये. म्हणजे महिन्याला ३०० रुपयांची तूट, आणि यात कपडालत्ता नाही, पाहुणा नाही, आजारपण नाही. अशा घरात प्रत्येक सण हे नवे कर्ज असते.

यातील गटाच्या कर्जाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले नियम असे सांगतात की, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत. आणि असे कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड घेता येत नाही. शेवटचा नियम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा. मधला नियम मात्र वाचून मी काही वेळ थांबलो. महिना २५,००० मिळविणाऱ्या घराने साडेबारा हजार हप्त्यांत द्यावेत आणि उरलेल्यात जगावे, इथपर्यंत नियमाची हरकत नाही! आमच्या जोडप्याच्या अर्जावर उत्पन्न २४,००० लिहिलेले होते. ते कोणी लिहिले, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "साहेबांनीच भरलं, आम्ही सही केली."

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले. माणसांपेक्षा कागदांवर त्यांचा रोख होता. आपण किती घेतले, किती फेडले, किती उरले हे ज्या कागदावर लिहिलेले होते तो कागद त्यांना वाचता येत नव्हता आणि त्यांच्या ताब्यातही नव्हता. पुढे १८७९ साली कायदा झाला. आज अक्षरे वाचता येतात, पण कागद भरणारा हात अजून दुसऱ्याचाच आहे.

आता त्या ६०,००० रुपयांकडे वळू. "तीन टक्क्यांनी घेतलेत," असे तो सहज म्हणाला. आपल्याकडे असे बोलताना दरमहा शेकडा तीन असे गृहीत असते. म्हणजे वर्षाला छत्तीस. पतसंस्थेचा दर वर्षाला बारा होता. पण बारा हा आकडा तीनपेक्षा मोठा दिसतो, आणि पतसंस्थेच्या कर्जाला दोन मित्र जामीन आहेत. म्हणून थोडेफार जास्तीचे पैसे हाती आले की हे दोघे ते पतसंस्थेत भरीत, आणि त्या गृहस्थाला नुसते व्याज पोचवीत. दोन वर्षे पोचविले. ४३,२०० रुपये गेले, मुद्दल साठ हजारांचे साठ हजार.

मी हसू शकलो नाही, कारण हेच मी स्वतः केले आहे. १९८८ साली माझे लग्न झाले तेव्हा वडिलांच्या विहिरीचे आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज माझ्यावर होते : महाविद्यालयाच्या पतसंस्थेचे २४,००० आणि गावातील एका सावकाराचे १५,०००, तेही शेकडा तीननेच. वर्गात चक्रवाढ व्याजाचे सूत्र शिकविणारा मी चौदा महिने जास्तीची रक्कम पतसंस्थेत भरीत होतो, कारण जामीनदार सहकाऱ्यांसमोर मान ताठ राहावी असे वाटे. सावकाराला दरमहा ४५० जात. ही चूक माझ्या पत्नीने दाखविली. ती विनाअनुदानित शाळेत शिकवीत असे, अर्थशास्त्र तिचा विषय नव्हता. "हा माणूस दर महिन्याला साडेचारशे नेतो आणि पंधरा हजार काही कमी होत नाहीत," एवढेच ती म्हणाली.

गणित सोपे आहे, पण ते मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही. ६०,००० रुपयांवर दरमहा शेकडा तीनने १,८०० दिले तर जन्मभर देत राहावे. २,४०० दिले तर कर्ज सुमारे ४७ महिन्यांत फिटते आणि एकूण सुमारे १,१२,५०० रुपये जातात. ३,६०० दिले तर चोविसाव्या महिन्यात फिटते आणि जातात सुमारे ८४,४००. म्हणजे महिन्याला बाराशे रुपये अधिक काढले की जवळजवळ दोन वर्षे आणि २८,००० रुपये वाचतात. काटकसरीला एरवी फारसे फळ नसते. महागड्या कर्जाच्या मुद्दलावर ती टाकली तरच ते मिळते. म्हणून सर्व कर्जांवर थोडे थोडे जास्त भरू नये. इतरांचे हप्ते ठरल्याप्रमाणे चालू ठेवावेत आणि वाचलेला प्रत्येक रुपया सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जावर घालावा. ते फिटले की तीच रक्कम पुढच्या कर्जाकडे वळवावी.

परंतु वाचवावयाचे कोठे? खरा प्रश्न येथे आहे. मी त्या बाईंना विचारले, तर त्यांच्याजवळ यादी तयारच होती : दूध एक लिटरऐवजी अर्धा, रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड, भाजी आठवड्यातून दोनदा. नवरा मान हलवीत होता.

येथेही मला माझी वही आठवली. आमच्या फेडीच्या काळात घरात दूध निम्मे येऊ लागले, आणि मी समजत होतो की आपण चहा कमी केला त्याचा हा परिणाम. माझ्या वाट्याचे दूध मला मिळत होते. पुढे पत्नीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मला बाहेर बोलावून विचारले की, ह्या जेवतात काय? कर्ज वेळेआधी फेडले म्हणून मी मित्रांत फुशारकी मारीत होतो त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. कर्ज कोणी फेडले, हे मला त्या दवाखान्याच्या पायरीवर कळले. आपल्या घरांत खर्चाला कात्री लागते तेव्हा ती प्रथम बाईच्या ताटावर चालते आणि ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाचे वर्णन करताना सहकार्य आणि संघर्ष हे दोन्ही शब्द एकत्र वापरले आहेत. त्याचा अर्थ पुस्तकातून मला एवढा समजला नव्हता.

म्हणून मी त्या जोडप्याला दोन गोष्टी सांगितल्या. पोटाला व औषधाला हात लावावयाचा नाही; आणि पगाराची चिठ्ठी पाहिल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही. चिठ्ठी आली. तीवर २४,००० होते. घरी येण्यापूर्वीच दोन हजार कमी होत : टपरीवरचा चहा, तंबाखू, मित्रांचे थोडे देणेघेणे. ते लपविले होते असेही नव्हे. पुरुषाचा वरखर्च हिशेबात धरावयाचा नसतो, असा तो रिवाज. तिने चिठ्ठी दोनदा वाचली आणि काही बोलली नाही. त्या शांततेत तो स्वतःच म्हणाला, "हजारात भागवतो."

हजार तेथे मिळाले. शेजारच्या कामगाराबरोबर एका गाडीवर जाऊन पेट्रोल वाटून घ्यावयाचे ठरले, त्याचे ९००. आवर्त ठेव बंद करा, असे मी सुचविले. सात टक्के मिळवून छत्तीस टक्के देण्यात काय अर्थ? बाईंनी साफ नकार दिला. माझ्या नावावर तेवढेच आहे, मूल रात्री तापाने फणफणले तर पुन्हा त्याच दारात जायचे का, असे त्यांनी विचारले. माझे गणित बरोबर होते आणि त्यांचे म्हणणे अधिक बरोबर होते. शेवटी ठेव २०० वर आणून ३०० मोकळे केले. एकूण २,२०० झाले. त्यातून तीनशेची तूट भरली, अठराशे मुद्दलाला, शंभर हाती. कपडे आणि सण कारखाना देईल त्या बोनसवर.

ही रक्कम घेऊन तो त्या गृहस्थाकडे गेला. उत्तर मिळाले, "मुद्दल असं सुटं सुटं घेत नसतो. जमले की एकदम आणा." आता हे गृहस्थ परवानाधारक नाहीत. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही शासनाने ठरविलेल्या दरापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. जिल्ह्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. मी तसे सुचविले. पण मुलाला इस्पितळात नेले त्या रात्री याच माणसाने पैसे काढून दिले होते. दोघेही तक्रारीला तयार झाले नाहीत. आपल्यातल्या काहींना हा दुबळेपणा वाटेल. मला तसे म्हणवत नाही. त्या रात्री अकरा वाजता पतसंस्था उघडी नव्हती आणि आपले कार्यालयही उघडे नव्हते.

उरला एक मार्ग. बाईंच्या माहेरच्या पाटल्या आहेत. त्या बँकेत तारण ठेवून वर्षाला साडेनऊ-दहा टक्क्यांच्या दराने साठ हजार उचलले, सावकाराला एकदम देऊन टाकले आणि तेच ३,६०० रुपये दरमहा बँकेत भरले, तर कर्ज सुमारे अठरा महिन्यांत फिटते आणि व्याज पाच हजारांच्या आत राहते. सावकाराकडे तेच चोवीस हजारांवर गेले असते. कागदावर याला तोड नाही. पण त्या साठ हजारांतले इस्पितळाला वीसच लागले होते, बाकीचे चाळीस नवऱ्याने धाकट्या भावाच्या लग्नासाठी काढले, तेही तिला न विचारता. त्या लग्नाचे कर्ज तिच्या पाटल्यांनी का फेडावे? सोने सोडविता आले नाही तर लिलाव तिच्या माहेरच्या वस्तूचा होणार. "व्याज वाचतंय ना," असे तो म्हणाला तेव्हा मी त्याला थांबविले आणि सांगितले की, या एका बाबतीत हिशेब मी करून देईन, निर्णय त्यांचा.

त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. भावाने त्याच्या वाट्याचे काही दरमहा द्यावयाचे कबूल केले तर पाटल्या काढीन, नाही तर अठराशे-अठराशे साठवून एकदम नेऊन टाकू, असे म्हणाल्या. भावाशी बोलणे अजून व्हावयाचे आहे. तोवर साठविलेले पैसे त्यांच्याच नावावरच्या खात्यात आहेत.